पगाराची चिठ्ठी

नोटीस आली तेव्हा मी चाळीच्या नळावर होते. पोस्टमनने सही घेतली आणि शेजारीण काही विचारायच्या आत मी पाकीट ओढणीखाली घातलं. तालुका विधी सेवा समिती, कर्जत. लागोपाठ दोन तारखांना मी हजर नव्हते, मागितलेले कागद वकिलांकडे दिले नव्हते. तेव्हा मोफत विधी सेवा का काढून घेऊ नये, याचा लेखी खुलासा करा.

मला त्यातलं 'काढून घेऊ नये' एवढंच दिसलं. म्हटलं, दादाने पगाराचं सांगितलं.

काशेळ्याकडे आमची भातजमीन आहे. बाबा गेले आणि माझ्यापुढे हक्कसोडपत्र आलं. आमच्याकडच्या बहिणी मुकाट सही करायच्या, दिवाळीला साडी घ्यायच्या, माहेर राखायच्या. मीही केली असती. पण फार्महाऊसवाले आले, कर्जतच्या गुंठ्याला भाव आला आणि दादाची घाई वाढली. त्या घाईनेच मला थांबवलं. 2005 च्या दुरुस्तीने मुलीचा वाटा मुलाइतकाच झालाय, हे तेव्हा कळलं. वाटणीचा दावा लावला त्या दिवशी नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं, हातात दमडी नव्हती. वकील समितीने दिला.

पुढे खोपोलीत ठेकेदाराकडे पॅकिंगला लागले. दादा कोर्टाच्या आवारात चारचौघांत म्हणाला, "पगार खातेस आणि वकील सरकारचा?" ते वाक्य डोक्यात बसलं. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी हातात पडली की वाटायचं, आता वकील जाणार.

पहिली तारीख चुकली ती लोकलमुळे. खोपोली-कर्जत गाड्या मोजक्याच. एक गेली की केळवली-पळसदरी करत पुढची पोचेपर्यंत पुकारा होऊन जातो. दुसऱ्या तारखेला मात्र मी गेलेच नाही. वकिलांनी खर्चाला दोन हजार आणायला सांगितले होते. नव्हते. रिकाम्या हाताने त्यांच्यासमोर जायची लाज वाटली. घरी बसून भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

नोटीस घेऊन समितीत गेले तेव्हा पिशवीत सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या. टेबलाशी विधी स्वयंसेवक होता, माझ्या पोराएवढा. मी चिठ्ठ्या पुढे केल्या.

"ताई, ठेवा आत. बाईला इथे पगार विचारत नाहीत."

त्याने 1987 च्या कायद्याचं कलम 12 काढून दाखवलं. बाई, मूल, आदिवासी, अनुसूचित जातीचा माणूस, दिव्यांग, कोठडीतला, आपत्तीत सापडलेला. यांना उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातली तीन लाखांची मर्यादा, यातल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी. "आपल्या खालापुरात इर्शाळवाडीवर दरड आली, 2023 च्या 19 जुलैला. तिथल्या माणसाला वकील देताना कोणी पगार विचारायचा का?" मी मान हलवली. पण दीड वर्ष मी उगाचच घाबरले होते, त्याचा राग कोणावर काढायचा ते कळेना.

"मग नोटीस कशाला?"

"तुम्ही येत नाही म्हणून."

मग त्याने सांगितलं, सेवा कशाने जाते. कागदावर खोटं लिहिलं तर. दाव्यात मुळातच काही दम नसला तर. वकिलाला साथ दिली नाही तर. आणि परस्पर खाजगी वकील केला तर. शेवटचं ऐकून मी पिशवी घट्ट धरली. मावसभावाने त्याच्या ओळखीच्या वकिलाचं वकीलपत्र सहीला पाठवलं होतं. ते तिथेच, चिठ्ठ्यांच्या खाली घडी करून होतं. सही तेवढी राहिली होती.

खुलासा लिहिताना दोन हजारांचा विषय निघाला. त्याचं पेन थांबलं. समितीच्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही; 2010 च्या राष्ट्रीय विनियमांत तसं स्पष्ट आहे, आणि घेतला तर प्रकरण त्याच्याकडून काढता येतं. "लिहू?" मी बराच वेळ गप्प होते. कोर्ट लहान. त्याच पायऱ्यांवर ते वकील रोज दिसणार. शिवाय इतके दिवस तोंड शिवून बसले, त्यात माझीही चूक होतीच. शेवटी म्हटलं, लिही. तारखा चुकल्या तेही लिही, लोकलचं कारण नको.

समितीचे अध्यक्ष न्यायाधीशच असतात. त्यांनी मला आधी तारखांवरून सुनावलं आणि मग पॅनेलवरची दुसरी वकील दिली. तिने पहिल्याच भेटीत सातबारा आणि फेरफार मागितले, आणि माझ्यासमोर कालनिर्णयावर पुढच्या तारखेला गोल करायला लावला.

त्या तारखेला फाटकाशी दादा उभा होता.

"काय गं, काढला का वकील?"

"बदलला," म्हटलं, आणि आत गेले. पुकारा व्हायचा होता.