खोलल्याबिगर काय सांगू?

अंजनगाव सुर्जीत आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पानमळेवाले, संत्रावाले जळालेली मोटर घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “किती लागतील?” बाबांचं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. “खोलल्याबिगर काय सांगू भाऊ?” वरून फक्त कॉइल जळालेली दिसते. खोलल्यावर कळतं की बेअरिंग गेलंय, शाफ्ट घासलाय, आणि याआधी कुणीतरी भलत्याच गेजची तार भरून ठेवलीय.

मावसभाऊ नौदलात गेला नसता तर हे वाक्य मी युद्धनौकांशी कधी जोडलं नसतं. आमच्याकडे समुद्र टीव्हीवरच. पण तो गेल्यापासून मी नौदलाच्या बातम्या वाचायला लागलो, पुढे कॅगचे अहवालही. (हसू नका, मोबाइलवर फुकट मिळतात आणि कधीकधी वेब सिरीजपेक्षा बरे असतात.)

युद्धनौका तीसेक वर्षं चालवायची तर मधे तिला गोदीत आणून यंत्रं, पाइप, केबल, रडार, शस्त्रं बदलावी लागतात. याला रिफिट म्हणतात. गोची अशी, की किती काम निघेल, किती पैसे आणि किती महिने लागतील हे सगळं जहाज बंद असतानाच कागदावर ठरतं.

‘विक्रमादित्य’चंच बघा. रशियाची ‘अ‍ॅडमिरल गोर्शकोव्ह’ ही जुनी विमानवाहू नौका. २००४ चा करार, कामाची किंमत ९७.४ कोटी डॉलर, ताबा २००८ मध्ये. सेव्हमाश हा कारखाना मुळात पाणबुड्या बांधणारा. जहाज उघडलं तेव्हा कळलं की केबलच अंदाजापेक्षा कितीतरी जास्त बदलावी लागणार. २०१० मध्ये किंमत सुमारे २३५ कोटी डॉलरवर गेली. २०१२ च्या चाचण्यांत बॉयलरच्या अस्तराने दगा दिला. नौका हातात आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. मधे भारताने करार का मोडला नाही, असं लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. मोटर खोलून टेबलावर पसरली की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही.

आपल्याच गोद्यांत हे होत नाही असं थोडंच आहे. ‘सिंधुकीर्ती’ पाणबुडी २००६ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डात गेली, ती बाहेर आली २०१५ मध्ये. आणि अमेरिकेला तर पैशाची ददात नाही. तिथे सात जुन्या क्रूझर आधुनिक करायला घेतल्या. २०२४ च्या सरकारी लेखापरीक्षणानुसार सातपैकी तीनच पूर्ण व्हायच्या होत्या. उरलेल्या चार मोडीत काढायचं ठरलं, पण तोवर त्यांच्यावर १८४ कोटी डॉलर खर्च झालेले. अर्धवट काम चालू असताना करारात जवळपास नऊ हजार बदल करावे लागले. नऊ हजार वेळा कुणीतरी कुणाला तरी सांगितलं असणार, की साहेब, आतून आणखी काहीतरी निघालंय.

बाबांच्या दुकानात खोलणारा, गिऱ्हाइकाला फोन लावणारा आणि शेवटी चाचणी घेणारा माणूस एकच आहे. युद्धनौकेचं तसं नसतं. जहाज वापरणारे वेगळे, दुरुस्ती करणारे वेगळे, पैसा मंजूर करणारे तिसरेच. २६ फेब्रुवारी २०१४ ला ‘सिंधुरत्न’ ही पाणबुडी गोदीतून दुरुस्त होऊन मुंबईजवळच्या समुद्रात चाचणीला गेली होती. आत धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशींनी राजीनामा दिला. पुढे एका मुलाखतीत त्यांनी दुखणं मोजक्या शब्दांत मांडलं: जबाबदारी एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे. राजीनाम्याचं कौतुक खूप झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण इस्टिमेट कुणी केलं, काम कुणी तपासलं, ‘झालं’ म्हणून सही कुणी केली, हे प्रश्न एका माणसाच्या जाण्याने सुटत नाहीत.

जहाज गोदीत असताना धोका कमी असतो, असं मलाही वाटायचं. झडपा उघड्या, दारांतून तात्पुरत्या केबल ओढलेल्या, जागोजागी वेल्डिंग, आग विझवायची यंत्रणा काही भागांत बंद, आणि जहाज ओळखणारी माणसं निम्मीच. ५ डिसेंबर २०१६ ला मुंबईत ‘बेतवा’ कोरड्या गोदीतून बाहेर काढताना ठोकळ्यांवरून घसरून आडवी झाली. दोघे गेले. २१ जुलै २०२४ ला रिफिट चालू असताना ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागली, नौका एका अंगावर कलंडली, आणि एका नौसैनिकाचा मृतदेहच मिळाला.

भावाचं जहाज सध्या रिफिटला आहे. मावशी खूश आहे. परवा म्हणाली, “आता वर्षभर घोर नाई बाप्पा. पोरगं पाण्यात नाई.” मी मान हलवली.

रात्री भावाला फोन करून विचारलं, की वेल्डिंग चालतं तेव्हा आगीवर लक्ष ठेवायला कुणी उभं असतं का.

“असतं ना,” तो म्हणाला. “आग विझवायचं नळकांडं घेऊन तासन्‌तास. बऱ्याचदा मीच असतो.”