बिघाड टचपॅडचा नव्हताच



आज रेसिपी नाही, लॅपटॉपची गोष्ट आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कधीतरी तुमचे पैसे वाचतील.

सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन्ही विद्यापीठं लवळ्यात, त्यामुळे इथे बाहेरगावची मुलं बरीच. त्यातल्या काही जैन मुलामुलींना मी डबा देते. कांदा-लसूण-बटाटा नाही आणि संध्याकाळचा डबा सूर्यास्ताच्या आत पोहोचता. कोणी किती दिवस घेतला, कोणाचे पैसे यायचेत, हा हिशेब लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर. विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा लेकीने त्यात लिनक्स घालून दिलं. एक रुपया लागला नाही.

अडचण एकच. झाकण मिटून स्वयंपाकाला गेले आणि परत येऊन उघडलं, की टचपॅड बंद. बोट कितीही फिरवा, बाण जागचा हलत नाही. ऐन महिनाअखेरीला हेच. दुकानदार म्हणाला, "टचपॅड गेलंय, बदलावं लागेल." आमचे हे म्हणाले, "जुनाच आहे तो, नवा घेऊ." नवा घ्यायचा म्हणजे माझ्या डब्यांची कित्येक महिन्यांची कमाई. मन तयार होईना.

रात्री लेकीला फोन केला. तिने एकच विचारलं, "आई, रीस्टार्ट केल्यावर चालतं का?"

चालत होतं!

"मग पॅड गेलेलं नाही."

बघा, मिक्सर बंद पडला की आपण लगेच नवा आणतो का? आधी प्लग बघतो, मग खालचं लाल बटण दाबतो. इथेही तसंच. टचपॅड आणि लिनक्स यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाष्या असतो. बोट कुठे फिरलं, ते तो लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगतो. माझ्या लॅपटॉपचा दुभाष्या झोपेतून नीट जागा होत नव्हता.

लेकीने सांगितलेला क्रम असा:

पहिलं, यूएसबी माउस लावा, म्हणजे काम अडत नाही.

दुसरं, वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर टचपॅडचं चित्र असतं. ते एफएन बटणासोबत चुकून दाबलं गेलं की पॅड बंद होतं. सेटिंग्जमध्येही बघा.

तिसरं, कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडा (आमच्याकडे असंच उघडतं). तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी मिळते. यादीत टचपॅडचं नाव दिसलं, तर लिनक्सने त्याला ओळखलेलं आहे.

चौथं, ड्रायव्हर काढून पुन्हा बसवा. माझ्या पॅडच्या ड्रायव्हरचं नाव 'पीएसमाउस'. आयबीएमच्या १९८७ सालच्या पीएस/२ संगणकांसोबत आलेली माउसची जुनी जोडणी तो सांभाळतो. 'मॉडप्रोब' या आज्ञेने आधी तो काढायचा, मग परत घालायचा. नव्या लॅपटॉपमध्ये बरेचदा 'आय-टू-सी' नावाची जोडणी असते. तिचा ड्रायव्हर वेगळा, म्हणून आधी नाव तपासा.

लेक फोनवर एकेक अक्षर सांगत होती, मी टाइप करत होते. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, म्हणून मी दोनदा घाबरून थांबले. "अगं आई, ते तसंच असतं, एंटर दाब." दाबलं. पॅडवर बोट ठेवलं आणि बाण सरसर पळाला!

पुढच्या सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा तिने एक छोटी फाइल लिहून ठेवली. आता लॅपटॉप जागा झाला की ड्रायव्हर आपोआप नव्याने बसतो. पण त्याआधीचे पंधरा दिवस त्या दोन ओळी मी स्वतःच टाइप करत होते. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

पैसे वाचले, याचा आनंद आहेच. पण "तुला नाही कळायचं ते" असं मीच मला इतकी वर्षं सांगत आले होते, ते त्या रात्रीपासून बंद झालं.

तुमच्याकडेही एखादी वस्तू बंद पडली असेल, तर टाकण्याआधी एकदा विचारा: रीस्टार्ट केल्यावर चालते का?