इंग्रजी येतं, पण...

मी कॉन्व्हेंटचा. मराठी विभागात माझं नाव पाहून हॉस्टेलची गँग हसणार, हे माहीत आहे. ऱ्हस्व-दीर्घ सरांनी तपासलंय, तेव्हा निर्धास्त वाचा!

मागच्या वर्षी पोळ्याला यवतमाळ जिल्ह्यात मामाकडे गेलो होतो. पऱ्हाटी फुलावर आलेली. मामाने कृषी केंद्रातून दोन औषधं आणली होती. 'दोन्ही मिसळून मारा,' असं दुकानदार म्हणाला होता. मामीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आदल्या वर्षी फवारताना चक्कर येऊन मामा दोन दिवस दवाखान्यात होता. याच जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले, ते ती विसरलेली नाही.

मामाने बाटली माझ्या हातात दिली. "भाचेबुवा, तुमाले इंग्रजी येते. वाचा बरं, काय लिवलं हाय."

मी फाडफाड वाचलं.

"आता सांगा, म्हंजे काय?"

मी गप्प! लेबलवरचा पिवळा त्रिकोण तर मला डिझाइनच वाटला होता.

दुसऱ्या दिवशी कृषी विभागाच्या ताई शेतावर आल्या. आधी त्या तासातासातून फिरल्या. गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं एक फूल तोडून त्यांनी उघडलं. आत बारीकशी अळी! "ही डोमकळी. गुलाबी बोंडअळीची खूण. अशा कळ्या तोडून नष्ट करा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीचं बघू." पिवळा त्रिकोण म्हणजे लालच्या खालोखाल विषारी, हेही त्यांनीच सांगितलं. मनाने औषधं मिसळायची नाहीत, मास्क-हातमोज्यांशिवाय पंपाला हात लावायचा नाही आणि वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही, हे मामाकडून वदवूनच घेतलं.

ज्याला आपण सेन्सर आणि थ्रेशोल्ड म्हणतो, ते ताईंनी बांधावर उभं राहून पाच मिनिटांत शिकवलं. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे, मोबाईलवर माहितीही ढीगभर आहे. पण मामाच्या शेतातली डोमकळी ओळखायला कुणीतरी तिथे यावं लागतं. आणि ताईंकडे गावं अनेक आहेत. "परत कवा येता?" या मामाच्या प्रश्नावर त्या नुसत्या हसल्या.

बाटली त्या दिवशी उघडली नाही. मी हॉस्टेलला परतल्यावर रोज सकाळी मामाचा फोन यायचा. "आज तीन." "आज पाच." रूममेट विचारायचा, कसला स्कोअर रे?

मी म्हणायचो, मामा अजून नॉट आऊट आहे.