जाळ्यातली एक गाठ

मराठीच्या मास्तराला शास्त्र शिकवायला लावणे म्हणजे कीर्तनकाराला तबल्यावर बसवण्यासारखे आहे. ठेका चुकला हे श्रोत्यांच्या आधी त्याचे त्यालाच कळते. गेल्या हिवाळ्यात माझ्यावर हा प्रसंग आला. शास्त्राच्या बाई रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापकांनी आठवीचे पुस्तक माझ्यापुढे सरकवले. "तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हांला काय अवघड आहे?" ते म्हणाले. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही आणि मॅट्रिकलाही शास्त्रात काठावरच तरलो होतो, हे त्यांना सांगावे असे मनात आले; पण तेवढ्यात घंटा झाली.

आमची शाळा चौकच्या बाजूला आहे. भाईंदर स्टेशनाबाहेर बसमध्ये बसले, की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे पडत जातात, इमारती विरळ होतात आणि खिडकीतून सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. चौक हा शेवटचा थांबा. पुढे वसईची खाडी आणि खाडीपल्याड वसईचा किल्ला. 1739 साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेतली, पण त्याआधी तिला अलीकडचा हा धारावीचा डोंगर जिंकावा लागला होता. हा इतिहास मी रंगवून सांगू शकतो. त्या दिवशी मात्र धड्याचे नाव होते 'परिसंस्था'.

मी फळ्यावर गवत काढले, नाकतोडा काढला, बेडूक, साप आणि घार काढली. घार जरा कोंबडीसारखी झाली. मधे बाण मारले आणि ऐटीत म्हणालो, "याला म्हणतात अन्नसाखळी."

वर्गातली निम्मी मुले कोळ्यांची. त्यांनी निमूटपणे चित्र वहीत उतरवले. पण दुसऱ्या बाकावरची एक मुलगी पेन्सिल खाली ठेवून बसली होती.

"सर, आमच्याकडं असं सरळ नसतं," ती म्हणाली. "बोंबील जवळा खातो. कोळंबीची पिल्लंही खातो. लहान बोंबील सापडला तर त्यालाही गिळतो. आई बोंबील चिरते तेव्हा पोटातनं निघतो. मग बाण कुठनं कुठं काढायचा?"

मागून कोणीतरी म्हणाले, "मग ती साखळी नाही. जाळं आहे."

मी पान उलटले. पुढच्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते : अन्नजाळे. वाचकहो, शिक्षकाने निदान एक पान पुढचे वाचून वर्गावर जावे, हा धडा मी या वयात शिकलो.

साखळी आणि जाळे यांतला फरक मात्र मला पुस्तकाने शिकवला नाही. तो त्या मुलीच्या आजीने शिकवला, तोही नातीच्या तोंडून. साखळीची एक कडी तुटली, की साखळी तुटली हे सर्वांना दिसते. जाळ्याचे तसे नसते. एक धागा तुटला तरी जाळे मासे धरतच राहते. "म्हणून आजी म्हणते, भोक दिसलं त्याच दिवशी शिवावं," मुलगी सांगत होती. "आज बोट जाईल, उद्या हात, परवा माणूस."

शनिवारी शाळा लवकर सुटते. ओहोटीची वेळ बघून मी वर्गाला खाडीच्या कडेला नेले. नेले म्हणण्यापेक्षा त्यांनी मला नेले. चपला हातात घेऊन मुले चिखलात उतरली; मी बांधावर उभा राहून कोणी घसरू नये याची काळजी करत होतो. मुलांपैकी घसरले कोणीच नाही. नंतर घसरलो तो मी.

तिवराच्या झाडाखाली चिखलातून बोटाएवढी मुळे वर आलेली असतात. जणू कोणी शेकडो पेन्सिली रोवून ठेवल्या आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेते. एका मुलाने पान तोडून माझ्यापुढे धरले. "चाटून बघा, सर." चाटले. खारट! मुळांवाटे आलेले जादा मीठ तिवर पानांतून बाहेर टाकते. पिकून गळलेले पान खेकडा बिळात ओढून नेतो, कुरतडतो. उरलेले चिखलात कुजते. त्या कुजण्यावर डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात आणि त्यांच्यावर कोळंबीची पिल्ले पोसतात. समुद्रात जन्मलेली ही पिल्ले वाढायला खाडीत येतात आणि मोठी झाली की पुन्हा समुद्रात जातात. निवटे चिखलावर उड्या मारत बारीकसारीक किडे टिपत होते आणि निवट्यांवर नजर ठेवून खंड्या एका फांदीवर ध्यान लावून बसला होता. जवळच मांडवावर बोंबील वाळत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले.

सोमवारी मुलांनी घरून नायलॉनची दोरी आणली. कोळ्याच्या घरात दुसरे काही नसले तरी जाळे विणायची दोरी असतेच. मुले मैदानावर गोल उभी राहिली. कोणी तिवर झाला, कोणी खेकडा, कोळंबी, जवळा, बोंबील, निवटा, बगळा. ज्याचा ज्याच्याशी संबंध, त्याच्याकडे दोरी जायची. बघता बघता मधे मोठे जाळे विणले गेले. एका मुलाने हट्टाने प्लॅस्टिकची पिशवी व्हायचे ठरवले, कारण बापाच्या डोलीत मासळीबरोबर पिशव्याही रोज येतात. त्याच्याकडे दोरी टाकायची की नाही यावर बराच वाद झाला. शेवटी ठरले, की पिशवी सगळ्यांच्या अंगाला गुंडाळते पण कोणाच्याही पोटाला लागत नाही. म्हणून त्याने जाळ्याच्या मधोमध नुसतेच उभे राहावे. दुसऱ्या बाकावरची ती मुलगी 'कोळी' झाली होती.

मग मी तिवराला हातातली दोरी सोडायला सांगितली. आधी खेकड्याची दोरी सैल पडली. मग कोळंबीची, मग बोंबलाची. कोळ्याची दोरी सर्वांत शेवटी खाली आली. मुलगी हातातल्या त्या लोंबणाऱ्या दोरीकडे बघत राहिली आणि कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाली, "आमचे बाबा होडी विकायची म्हणतायत."

खेळ तिथेच थांबला.

त्या रात्री मी पुस्तके उघडून बसलो. अमेरिकेत रॉबर्ट पेन नावाचा एक प्राध्यापक होऊन गेला. 1963 साली त्याने समुद्रकाठच्या एका खडकावरचे तारामासे उचलून पाण्यात दूर फेकायला सुरुवात केली. तारामासा शिंपले खातो. तो नाहीसा झाल्यावर शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि बाकीच्या जिवांना जागाच उरली नाही. 1966 साली त्याने लिहिले, की त्या खडकावरच्या पंधरा जातींपैकी आठच उरल्या. कोण महत्त्वाचा आणि कोण बिनमहत्त्वाचा, हे कोणाला तरी काढून टाकल्याशिवाय कळत नाही. आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितले. माशांची पिल्ले धरली जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, हे मुलांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात तिवरे तोडायला मनाई केली, हे मात्र त्यांना नवे होते.

"मग त्याच्याआधी तोडली कोणी?" पिशवी झालेल्या मुलाने विचारले.

"लोकांनी. घरं बांधायला."

"सर, तुम्ही राहता तिथं आधी काय होतं?"

प्रश्न अगदी सरळ होता. मी भाईंदरला एका चार मजली इमारतीत तळमजल्यावर राहतो. कर्ज काढून, पहिल्या दोन कादंबऱ्यांचे मानधन घालून आणि बायकोच्या बांगड्या मोडून ती जागा घेतली. त्या भागात पूर्वी मिठागर होते आणि कडेने तिवरे होती, असे जुनी माणसे सांगतात. चाळीस डोळे माझ्याकडे लागले होते. 'ते मी नाही केले' असे म्हणता आले असते. ते खरेही होते. तरी मी म्हणालो, "तिवरं होती."

वर्ग गप्प झाला. मग ती मुलगी उठली, टेबलावरच्या दोरीच्या गुंडाळ्यातून एक टोक तिने काढले आणि माझ्या हातात दिले. "मग तुम्हीपण धरा, सर." रागाने नव्हे, खेळात एक गडी राहून गेला होता, त्याला घ्यावे तशी.

होळीनंतर होडी विकली गेली. तिचा बाप आता भाईंदरला टेम्पो चालवतो. आजी अजून दुसऱ्यांची जाळी शिवते. मुलगी नववीत आहे आणि शास्त्रात तिला माझ्यापेक्षा पुष्कळच जास्त कळते.

या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला आमच्या इमारतीच्या पायरीपर्यंत खारे पाणी आले. हे दरवर्षीचेच. पाणी ओसरल्यावर केर काढताना मला एक हिरवट, चपटे फळ सापडले. तिवराचे बी असे पाण्यावर तरंगत दूरदूर जाते आणि चिखल सापडला की रुजते. ओल्या कपड्यात गुंडाळून मी ते शाळेत नेले आणि कौतुकाने त्या मुलीला दाखवले. "बघ, एवढ्या लांबून आमच्या दारात आलं!"

तिने ते तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिले.

"तुमच्या दारात कुठं, सर?" ती म्हणाली. "ते त्याच्या घरीच आलं होतं."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी ते खाडीच्या चिखलात नेऊन लावले.