मामाचा जिना

आमचा मामा हिंदी सिनेमात पडायचं काम करीत असे. हसू नका, शाळेत मुलं हसत, तेवढं पुरे आहे. नायक गच्चीच्या कठड्यापर्यंत धावत यायचा, तिथून पुढचं मामाचं. खाली पुठ्ठ्याची खोकी रचलेली, वर गाद्या. पडद्यावर आम्हांला मामा दिसला तो पाठमोरा, आणि तोही क्षणभर. नाव कधीच दिसलं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मामा-मामी घरी आली. फराळ झाला आणि मामाची करमणूक म्हणून मी 'हूपर' लावला. १९७८चा हा विनोदी चित्रपट हॉलिवूडच्या स्टंटवाल्यांवरचा. त्याचा दिग्दर्शक हाल नीडहॅम स्वतः घोड्यांवरून आणि मोटारींतून पडत मोठा झालेला. नायक बर्ट रेनॉल्ड्सचा तो एके काळी बदली. ज्याच्याऐवजी आपण पडलो, त्यालाच त्यानं पडणारा माणूस करून पडद्यावर आणलं! असला गोड सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

सनी हूपर धंद्यात सगळ्यांच्या वरचढ, पण हाडं खिळखिळी झालेली. वेदनेवरच्या गोळ्या घेऊन उभा राहणार. त्यात स्की नावाचा जवान पोरगा येतो आणि दोघांची चढाओढ लागते. ग्वेन बिचारी म्हणते, आता पुरे. हे काम सॅली फील्डचं. तिचे सावत्र वडील जॉक महोनी खरोखरीचे स्टंटवाले होते. तेव्हा तिला त्या वाक्यांना फारसा अभिनय लागला नसावा.

मामा मांडीवर थापा मारून हसत होता. हेलिकॉप्टरमधून २३२ फुटांची उडी आली तेव्हा ओरडला, "अरे, ती खालची हवेची गादी बघ! आम्हांला कुठली असली चैन!"

मी शहाणपणानं सांगितलं, "मामा, ही उडी मारणारा बकुनास त्याच वर्षी सप्टेंबरात गेला. दुसऱ्या चित्रपटासाठी याहून उंचावरून उडी घेतली आणि हवेची गादी फाटली."

मामानं चिवड्याची बशी खाली ठेवली. मामी पडद्याकडे बघतच नव्हती.

पुढे डॉक्टर हूपरला त्याच्या पाठीचा एक्स-रे दाखवतो. आणखी एकदा जोरात आपटलास तर लुळा होशील, म्हणतो. मामा सहज बोलून गेला, "माझा फोटो अस्साच होता."

"कसला फोटो?" आई म्हणाली.

मी लहान असताना मामा दीड महिना अंथरुणावर होता. चाळीच्या जिन्यावरून पाय घसरला, असं आम्हांला कळलं होतं. तेव्हापासून भाऊबीजेला तो खुर्ची मागे आणि आई दर वर्षी त्याला चिडवी, "साहेब झालास रे दादा, पाट चालत नाही तुला!"

"वन्सं, तो जिना नव्हता," मामी म्हणाली. एवढंच.

आई काही बोलली नाही. पडद्यावर हूपर आणि स्की रॉकेटच्या मोटारीतून कोसळलेल्या पुलावरून उडत होते. त्या उडीकडे आमच्या घरात कोणाचं लक्ष नव्हतं.

शांतता मोडावी म्हणून मी म्हटलं, नीडहॅमला २०१२ साली मानद ऑस्कर मिळालं. मामा म्हणाला, "पडून पडून मिळालं ना? मग बरं झालं." स्टंटसाठी वेगळं ऑस्कर २०२८पासून देणार असल्याचं पुढे २०२५मध्ये जाहीर झालं. ते मी त्याला फोनवर कळवलं, तेव्हा त्यानं विचारलं, "बदल्यांची नावं वाचणार का रे?"

त्या संध्याकाळी आईनं निरांजन लावलं, पाट भिंतीला टेकवून ठेवला आणि खुर्ची स्वतः ओढून आणली. मामानं खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाट टाक."

"अहो!" मामी म्हणाली.

"टाक गं."

तो बसला. आईनं ओवाळलं, तिचा हात जरा हलत होता. मग मी, मामी आणि आई, तिघांनी मिळून त्याला उठवलं.