वरचं रान, खालचं रान

चाकूरकडच्या शिवारात रानाची प्रत ठरवायची तर आधी एकच विचारावं: माळाचं की ओढ्याकाठचं? माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो, कुळव खरखरत जातो. चार बांध उतरून ओढ्याकडे आलं की पहार उभी जाईल अशी काळी. खडक दोन्हीकडे एकच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. पाऊसही एकच.

फरक केला तो पाण्याच्या वाटेनं. उतारावर पाणी मुरलं तर खडक कुजून माती होते. पळालं तर झालेली मातीही घेऊन जातं. बारीक कण खाली, खडे जागेवर. डोळ्यांना न दिसणारंही पुष्कळ जातं. झिजत्या खडकातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका विरघळून सखलात उतरतं. तिथं निचरा मंद, म्हणून ही द्रव्यं तिथंच अडकतात आणि फुगणारी, आकसणारी चिकणमाती घडते. एप्रिलात ओढ्याकाठच्या रानात एखाद्या भेगेशी बसा. हात कोपरापर्यंत आत जातो. बोटांना चुनखडीचे पांढरे खडे लागतात. त्यातला काही चुना वरच्या माळानंच पाठवलेला असतो.

आमच्या आग्नेयेला बीदरच्या पठारावर याच बेसाल्टचा तांबडा जांभा झाला आहे. फार जुन्या, ओल्या काळात तिथं पाणी झिरपत राहिलं, चुना आणि सिलिका धुऊन गेली, लोह उरलं. आमच्या माळापासून ओढ्यापर्यंत दिसते तशी, माथ्यापासून दरीपर्यंतच्या मातीची साखळी मृदाशास्त्रज्ञ जी. मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेत ओळखली आणि १९३५ साली मांडली. माळावर गुरं राखणाऱ्याला ती पायांनीच कळते.

खालचं रान सुखी, असंही नाही. झड लागली की वाफसा येत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. पावसानं खंड दिला की माळाचं पीक आधी माना टाकतं. तरी माथा निकामी मानू नये. वडवळ नागनाथचं संजीवनी बेट ही टेकडीच आहे, आणि तिथल्या औषधी वनस्पतींसाठी लोक लांबून येतात.

खालच्या रानाचं बरंवाईट असं माथ्यावरून ठरतं, म्हणून गावोगावच्या मंडळींना विनंती: पाणी अडवायचं काम ओढ्यापासून सुरू करू नका. नाला खोल केला की काम डोळ्यांत भरतं, पण माती वरूनच सुटलेली असते. आधी माथ्यावर समतल चर, मग उतारावर बांध, ओढा शेवटी.