‘काढली जातील’ या यादीकडे मी पाहिलं नाही

घरच्या संगणकावर मी गेली पाच-सहा वर्षं डेबियन वापरते. भाषांतराचं सगळं काम त्यावरच चालतं. मध्यंतरी एका व्हिडिओ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती हवी होती, म्हणून बाहेरची एक रिपॉझिटरी जोडली. काम झालं आणि ती जोडलेली आहे हे मी विसरले.

महिन्याभराने रात्री साडेअकराला अपडेट करायला बसले. साधं ‘एपीटी अपग्रेड’ काही पॅकेजं मागे ठेवत होतं, म्हणून ‘फुल-अपग्रेड’ दिलं. साधं अपग्रेड बसवलेलं काही काढत नाही, फुल-अपग्रेड मात्र गरज पडली तर काढतं, हे तेव्हा नीट माहीत नव्हतं. लांबलचक मजकूर आला. त्यात ‘काढली जातील’ अशी यादी होती. दिसली, पण वाचली नाही. वाय दाबलं. मग काही पॅकेजांची आता गरज नाही असं आलं, म्हणून ‘ऑटोरिमूव्ह’ही केलं. झोप येत होती.

सकाळी संगणक सुरू केला, तर काळा पडदा आणि वर नुसतं ‘लॉगिन’. डेस्कटॉप नाही, वायफाय नाही. दुपारी तीनपर्यंत फाइल पाठवायची होती. हात थंड पडले. लॉगिन करून आधी होम फोल्डरची यादी काढली. फाइल जागेवर होती. तेव्हा कुठे खुर्चीत नीट बसले.

काय गेलं ते एपीटीच्या ‘हिस्टरी डॉट लॉग’मध्ये सापडलं. ही नोंदवही ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात असते. बाहेरून आलेल्या नव्या लायब्ररीशी जुळेना, म्हणून डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज काढलं गेलं होतं. ते पॅकेज म्हणजे खरं तर बाकीच्यांना एकत्र बांधणारी दोरी. ती सुटल्यावर लॉगिनचा पडदा, नेटवर्क मॅनेजर, मराठी कळफलक, सगळंच बिनगरजेचं ठरलं आणि ऑटोरिमूव्हने उचललं.

नेटसाठी फोन यूएसबीने जोडला, टेदरिंग चालू केलं आणि ‘डीएचक्लायंट’ची आज्ञा दिली. बाहेरची रिपॉझिटरी काढून टाकली, तरी डेस्कटॉप बसेना. नवी लायब्ररी अजून आत होती ना! ‘एपीटी पॉलिसी’ने डेबियनची आवृत्ती पाहिली आणि तोच क्रमांक देऊन लायब्ररी मागे आणली. यात तासभर गेला. मग डेस्कटॉप एका आज्ञेत परत आला. मराठी कळफलक वेगळा बसवावा लागला. फाइल अडीचला गेली.

आता अपडेटच्या आधी टाइमशिफ्टने सिस्टीमची प्रत घेते. आज्ञेला ‘-एस’ जोडलं की काहीही न बदलता नुसती यादी दिसते, तीही बघते. तिच्या सारांशात किती पॅकेजं काढली जाणार तो आकडा असतो. गेल्या आठवड्यात तिथे ३ होते. तिन्ही नावं वाचली. त्यात नेटवर्क मॅनेजर होता. अपडेट केलंच नाही.